लाखोरीचे वडे आणि आईची भीती

पारशिवनीच्या आमच्या घरात एका डाळीवरून वर्षानुवर्षं भांडण चाललं. आजी तिला लाखोरी म्हणायची, आई लाख म्हणते, छापील मराठीत ती लाखोळी असते आणि हिंदीत खेसारी किंवा तिवडा. भरडली की ती तुरीच्या डाळीची सख्खी बहीण दिसते. आजी तिचे लसूण-मिरची घातलेले वडे करायची, थंडीत कोवळ्या पाल्याची भाजी करायची. आईने मात्र कुठेतरी वाचलं होतं की लाख खाल्ली की माणसाचे पाय जातात. धाकटा भाऊ पोटात असताना तिने लाखेचा डबा उचलला आणि सरळ कोठ्यात नेऊन ठेवला. आजीला ते फार लागलं. "पाच पोट्टे वाढवले म्या याच डाळीवर. कोनाचे पाय गेले वं?"

आईने शांतपणे आजीच्याच मामाचं नाव घेतलं. हा मामा टाचा न टेकवता, काठीवर, गुडघे एकमेकांना घासत चालायचा, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. आजी गप्प बसली. मग म्हणाली, "मामानं त्या साली दुसरं काही खाल्लंच नव्हतं."

आजीचं हे वाक्य तेव्हा मला पळवाट वाटलं होतं. पुढे या डाळीचा इतिहास वाचत गेलो आणि ते परत परत आठवत राहिलं.

लाखेच्या आजाराचं भारतातलं एक जुनं, तपशीलवार वर्णन केलं आहे विल्यम स्लीमन याने. हो, ठगांच्या मागे लागलेला तोच इंग्रज अधिकारी. १८४४ साली छापलेल्या त्याच्या आठवणींच्या पुस्तकात सागरकडची हकीकत आहे. १८२९पासून लागोपाठ गव्हाची पिकं गेली, शेतात तगली ती फक्त लाख, आणि लोकांनी तीच खाल्ली. १८३३च्या सुमारास तिशीच्या आतली धडधाकट माणसं अचानक कमरेखाली लुळी पडू लागली. रात्री नीट झोपलेला माणूस सकाळी उठून उभा राहू शकत नव्हता. हात शाबूत, डोकं शाबूत, पाय मात्र कायमचे गेलेले. हाच सागरचा मुलूख पुढे मध्य प्रांतात आला, आणि त्या प्रांताची राजधानी १८६१पासून नागपूर. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन मोठ्या दुष्काळांनंतर इथे लंगड्या माणसांची संख्या इतकी वाढली की अँड्र्यू ब्यूकॅनन या सरकारी डॉक्टरला त्यावर स्वतंत्र अहवाल लिहावा लागला.

दुष्काळात लाखच का उरायची, हे समजायला धानाची बांधी बघावी लागते. पूर्व विदर्भात लाख घेण्याची जुनी रीत म्हणजे उतेरा. धान कापणीला पंधरा-वीस दिवस असताना उभ्या पिकातच, ओल्या चिखलात लाखेचं बी फेकून द्यायचं. नांगरणी नाही, ओलीत नाही, खत नाही. धान कापून झालं की खाली लाख हिरवीगार उभी असते आणि जमिनीतल्या उरल्यासुरल्या ओलीवर वाढते. गुरांना चारा, माणसांना भाजी, शेवटी डाळ. पाऊस दगा देतो तेव्हा धान जातं, गहू-हरभरा जातो, लाख मात्र तग धरते. आणि गोची अशी की पाण्याचा ताण पडला की दाण्यातलं विषही वाढतं. म्हणजे ज्या वर्षी ताटात दुसरं काही नसतं, त्याच वर्षी ही डाळ जास्त वाईट असते.

हे फक्त आपल्याकडचं नाही. स्पेनचा चित्रकार गोया याने १८११-१२च्या माद्रिदमधल्या उपासमारीवर कोरलेल्या चित्रांत लाखेची लापशी खाणारी माणसं आहेत. १९४२च्या हिवाळ्यात वाप्न्यार्का इथल्या छावणीत रुमानियन अधिकाऱ्यांनी ज्यू कैद्यांना लाख खायला घातली आणि शेकडो जण पांगळे झाले. कैद्यांपैकीच एक डॉक्टर, आर्थर केसलर, याने दुखणं ओळखलं, म्हणून बाकीचे वाचले. मध्य प्रदेशातल्या रेवा-सतना भागात तर वेठबिगार मजुरांना मजुरीच लाखेच्या रूपात मिळायची. मालक स्वतः गहू खायचा. एकाच गावात, एकाच शेतातल्या पिकावर, एका घरातले पाय जात आणि दुसऱ्या घरातले जात नसत.

पुढचा भाग कायद्याचा, आणि त्यात आपल्या भागाची एक गंमत आहे. १९६१ साली अन्नभेसळ प्रतिबंधक नियमांखाली लाखेच्या विक्रीवर बंदी आली. पण ती लागू करायची की नाही हे राज्यांवर होतं, आणि मध्य प्रदेश, बिहार, पश्चिम बंगाल यांनी ती लागू केली नाही. महाराष्ट्राने केली. नागपूर १९५६पर्यंत मध्य प्रदेशातच होतं! भाषावार प्रांतरचना झाली नसती तर आजीची लाखोरी कायदेशीर राहिली असती. आमच्या तालुक्याची उत्तरेकडची हद्द म्हणजे पेंचचं जंगल आणि तोतलाडोह धरणाचं पाणी. पलीकडे मध्य प्रदेश. त्या काठावर विकता येणारी डाळ या काठावर गुन्हा होती. पेरायला आणि घरी खायला मात्र मनाई नव्हती. म्हणजे गरिबाने उगवावी, खावी, फक्त विकून दोन पैसे करू नयेत. ही अक्कल कोणाची, देव जाणे.

बंदी आली तेव्हा डाळीतलं विष नेमकं कोणतं हेही ठरलेलं नव्हतं. ते भारतीय शास्त्रज्ञांनी १९६४ साली वेगळं काढलं. ओडॅप हे त्याचं आखूड नाव. आपल्या मज्जापेशी एकमेकींना निरोप देण्यासाठी ग्लुटामेट नावाचं द्रव्य वापरतात. ओडॅप त्याची नक्कल करतं आणि पायांना चालवणाऱ्या पेशींना इतकं डिवचतं की त्या मरतात. मेलेल्या पेशी परत येत नाहीत, म्हणून या आजारावर औषध नाही. पण त्यासाठी लाख हेच मुख्य अन्न होऊन दोन-तीन महिने किंवा अधिक काळ रोज पोटात जावं लागतं. कधीमधी खाल्लेल्या वड्याने असं होत नाही.

ओडॅप पाण्यात विरघळतं. हैदराबादला डॉ. सी. गोपालन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६६ साली घरात करता येईल असा उपाय मांडला: डाळ भरपूर कढत पाण्यात भिजत घालायची, ते पाणी फेकून द्यायचं, धुऊन मग शिजवायची. विषाचा मोठा भाग निघून जातो, सगळा नाही. आजी वड्यांची डाळ रात्रभर भिजवून पाणी ओतून द्यायची. तिला ओडॅप माहीत नव्हतं. कडवटपणा जातो एवढंच ती सांगायची. पण हा उपाय वाचताना मला एक गोष्ट खटकते. कढत पाण्यासाठी सरपण लागतं, फेकण्यासाठी पाणी लागतं. दुष्काळात ज्या बाईकडे फक्त लाख उरली आहे, तिच्याकडे घागरभर पाणी फेकून देण्याची सोय कुठून असणार?

इथिओपियात नव्वदच्या दशकात अशीच साथ आली. तिथल्या अभ्यासात दिसलं की लाखेबरोबर धान्य मिसळून खाणाऱ्यांना आणि कांदा, लसूण, आलं घालून शिजवणाऱ्यांना धोका कमी होता. २००३ साली 'लॅन्सेट'मध्ये त्यावर लेख आला. दुष्काळात थोडं तरी दुसरं धान्य पोचवा, म्हणजे पाय वाचतील, असा त्याचा रोख होता. आजीचं ते वाक्य मला इंग्रजीत छापलेलं सापडलं ते इथे.

नागपुरात डॉ. शांतिलाल कोठारी यांनी बंदीविरुद्ध वर्षानुवर्षं लढा दिला, उपोषणं केली. त्यांचं म्हणणं असं की गरिबाच्या ताटातली स्वस्त प्रथिनं कायद्याने काढून घेतली. २००८मध्ये महाराष्ट्राने बंदी उठवली. केंद्राच्या २०११च्या अन्नसुरक्षा नियमांत मात्र विक्रीला मनाई राहिली. २०१६मध्ये वैद्यकीय संशोधन परिषदेच्या समितीने हिरवा कंदील दाखवल्याच्या बातम्या आल्या. दरम्यान रतन, प्रतीक, महातिवडा अशी कमी विषाची वाणं निघाली होती. कोठारींचा मुद्दा मला पटतो, पण पूर्ण नाही. स्वस्त डाळ मोकळी झाली की ती तुरीत आणि बेसनात मिसळली जाणार. मग घरातल्या बाईने डाळ ओळखायची तरी कशी? आईची भीती मुळात हीच होती. आपण काय शिजवतोय ते आपल्याला माहीत असावं, एवढंच तिचं म्हणणं होतं.

आता आमच्याकडे पेंचचा कालवा आहे, रेशनचा तांदूळ-गहू आहे, लोक कापूस, मिरची लावतात. पाय जाण्याची साथ आठवणीतूनही चालली आहे, आणि ती काही कायद्याच्या कलमामुळे गेली असं मला वाटत नाही. ताटात दुसरं काही आलं, म्हणून ती गेली.

घरातल्या भांडणाचा निकाल असा लागला. भाऊ दोन वर्षांचा झाल्यावर डबा कोठ्यातून परत आत आला. वडे वर्षातून दोनदाच, हे आजीने मान्य केलं. डाळ मामेभावाच्या बांधीतलीच, बाजारातली नाही, ही आईची अट. भिजवायची आईने, तळायचे आजीने. आजी गेल्यावर आता दोन्ही आईच करते. भिजवलेलं पाणी ती गाईच्या घमेल्यात टाकत नाही, मागे परसातल्या पेरूच्या बुंध्याशी ओतते, आणि मग डाळ अजून एकदा धुते.