रात्रीचा संपादक

वाङ्मयाच्या इतिहासात संपादकाला जागा मिळते ती बहुधा तळटीपेत. नभोवाणीवरच्या निवेदकाला तेवढीही मिळत नाही. पदव्युत्तर वर्गात नियतकालिकांचा इतिहास शिकवताना आम्हांला मात्र एका निवेदकाची वारंवार आठवण होते. 'बीबीसी'च्या रेडिओ वन ह्या केंद्रावर १९६७ पासून २००४ साली मृत्यू येईपर्यंत रात्री उशिरा संगीताचा कार्यक्रम करणारे जॉन पील हे ते निवेदक. पंक, जमैकाचे रेगे, झिम्बाब्वेतली गिटार, मधूनच एखाद्या विक्षिप्त कवीचे वाचन असे सारे ते एकाच बैठकीत ऐकवीत. प्रस्तुत लेखात ह्या गृहस्थाकडे आम्ही संपादक म्हणून पाहणार आहोत.

त्यांना ही जागा कशी मिळाली, हे आधी पाहिले पाहिजे. ब्रिटनमध्ये नभोवाणी ही 'बीबीसी'ची मक्तेदारी होती, आणि लोकांना काय आवडते ह्यापेक्षा त्यांनी काय ऐकावे ह्याची चिंता त्या संस्थेला अधिक होती. तरुणांना हवे असलेले संगीत तिथे मोजकेच लागे. १९६४ साली रेडिओ कॅरोलाइनने कायद्याच्या हद्दीबाहेर नांगरलेल्या जहाजावरून ते ऐकवायला सुरुवात केली, आणि पाठोपाठ अशी अनेक 'चाच्यांची' केंद्रे निघाली. मराठी वाचकाला ही कथा ओळखीची वाटेल. आपल्याकडे बाळकृष्ण विश्वनाथ केसकर १९५२ साली नभोवाणीमंत्री झाले, त्यांच्या अभिरुचीपायी चित्रपटगीते आकाशवाणीवरून जवळजवळ हद्दपार झाली, श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले, आणि शेवटी ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू करून सरकारला पड खावी लागली. ब्रिटिश सरकारने बरोबर दहा वर्षांनी तेच केले. ऑगस्ट १९६७ मध्ये कायदा करून जहाजे बंद पाडली आणि ३० सप्टेंबरला रेडिओ वन सुरू झाले. जहाजांवरची जी मंडळी तिथे घेतली गेली, त्यांत पील होते.

त्यांचे मूळ नाव जॉन रॉबर्ट पार्कर रेव्हन्सक्रॉफ्ट. वडील लिव्हरपूलचे कापसाचे व्यापारी. एकोणिसाव्या शतकातल्या मुंबईच्या शेटियांना ते शहर आणि तो धंदा दोन्ही चांगलेच परिचित होते. कापसाच्याच निमित्ताने मुलगा १९६० मध्ये अमेरिकेत टेक्सासला गेला आणि तिथे रेडिओच्या धंद्यात शिरला. १९६७ च्या आरंभी तो परतला, एसेक्सच्या किनाऱ्यासमोर उभ्या असलेल्या 'गॅलक्सी' जहाजावरच्या रेडिओ लंडनमध्ये नोकरीला लागला, आणि तिथेच 'जॉन पील' झाला. त्याच्या वाट्याला आली मध्यरात्री बारा ते दोनची वेळ. त्या वेळी केंद्राचे व्यवस्थापक झोपलेले असत. हे ध्यानात येताच पील ह्यांनी ठरलेली गाणी आणि जाहिराती हळूहळू गाळून टाकल्या, कार्यक्रमाला 'द परफ्यूम्ड गार्डन' असे नाव दिले, आणि स्वतःला आवडलेल्या तबकड्या, कविता व श्रोत्यांची पत्रे ह्यांवर दोन तास चालवले. पत्रांचा ओघ इतका वाढला की वरिष्ठांना कार्यक्रमाचा पत्ता लागला तो त्या टपालावरून, असे सांगतात. १४ ऑगस्टला केंद्र बंद झाले.

आमच्या मते ह्या प्रकरणातली ग्यानबाची मेख इथे आहे. पील ह्यांना स्वातंत्र्य कोणी बहाल केले नव्हते. ते दुर्लक्षातून मिळाले होते. रात्रीच्या त्या दोन तासांना बाजारात किंमत नव्हती, म्हणूनच तिथे वाटेल ते करता आले. साठोत्तरी अनियतकालिकांच्या अभ्यासकाला हे वेगळे समजावून सांगायला नको. सायक्लोस्टाइल केलेल्या त्या अंकांचा खपही कोणाच्या खिजगणतीत नव्हता.

रेडिओ वनवर आल्यावर दुसरी एक अडचण त्यांच्या पथ्यावर पडली. वादकांच्या संघटनेच्या आग्रहामुळे 'बीबीसी'ला विकाऊ तबकड्या रोज ठरावीक तासच वाजवता येत. ह्या मर्यादेला 'नीडल टाइम' म्हणत, आणि ती १९८८ पर्यंत टिकली. उरलेला वेळ भरायचा तर कलावंतांना स्टुडिओत बोलावून गाणी नव्याने ध्वनिमुद्रित करणे भाग होते. पील आणि बर्नी अँड्र्यूज, पुढे जॉन वॉल्टर्स, ह्या निर्मात्यांनी ह्या सक्तीतूनच एक संस्था उभी केली. चमू सकाळी यायचा, दिवसभरात बहुधा चार गाणी मुद्रित करून जायचा. अशी चार हजारांहून अधिक सत्रे झाली. ज्यांची एकही तबकडी निघालेली नाही, अशांनाही त्यांत जागा होती. सूझी अँड द बॅनशीज ह्या चमूचे सत्र १९७७ च्या डिसेंबरात प्रसारित होऊ शकले. तबकडी कंपनीशी त्यांचा करार व्हायला १९७८ चा जून उजाडला. छापील पुस्तक नसलेल्या कवीला मासिकाने पाने द्यावीत, तशी ही गोष्ट. साहित्याच्या विद्यार्थ्यांनी आणखी दोन नावे लक्षात ठेवावीत. पायपेटीच्या साथीवर आपल्या चमत्कारिक कविता म्हणणारे स्कॉटिश कवी आयव्हर कटलर ह्यांना पील ह्यांनी वीसहून अधिक वेळा बोलावले. व्हिव्हियन स्टॅनशॉल ह्यांची रॉलिन्सन एंडच्या सरदारघराण्याची उपहासकथाही ह्याच सत्रांतून वाढत गेली. हे सारे संगीताच्या कार्यक्रमात का, असे विचारणारा वरिष्ठ त्या वेळी जागा नव्हता.

निवेदक म्हणून पील ह्यांची शैली आपल्या कानांना आधी रूक्ष वाटते. आपल्याकडे संगीताचे निवेदन म्हणजे दोन गाण्यांमध्ये एक शेर किंवा सुभाषित, आणि आवाजात थोडा मध. विविध भारतीच्या 'छायागीता'त निवेदकाला स्वतःची निवड करता येते, पण ती चित्रपटगीतांच्या अंगणात आणि भावनेच्या एका धाग्यावर. पील सपाट, किंचित मरगळल्या लिव्हरपुली आवाजात चमूचे नाव, गाण्याचे नाव, तबकडी कुठल्या गावातून आली तेवढे सांगत आणि बाजूला होत. कधी तबकडी चुकीच्या वेगाने लागे; मग ते तसे सांगून पुन्हा लावत. गाण्याचे गुणवर्णन जवळजवळ नसे. समीक्षा होती ती अनुक्रमात. कर्कश पंकनंतर मालीची किंवा झिम्बाब्वेची गाणी लागली की दोन्हींबद्दल काही विधान झालेले असे, फक्त ते शब्दांत नसे. चांगल्या अंकाची अनुक्रमणिका हे असेच मूक भाष्य असते, हे मासिक काढलेल्या कोणालाही पटेल.

टपालाने येणाऱ्या ध्वनिफितींचे ढीग त्यांच्या घरी आणि मोटारीत साचत. त्यांतून त्यांनी काय काढले ह्याच्या याद्या पुष्कळ झाल्या आहेत. आम्हांला त्यांतली कालांतरे अधिक बोलकी वाटतात. १९८१ साली शेफील्डला जार्व्हिस कॉकर ह्या अठरा वर्षांच्या मुलाने त्यांच्या हातात एक फीत दिली, आणि त्याच्या 'पल्प' ह्या चमूला त्याच वर्षी सत्र मिळाले. दुसरे सत्र झाले १९९३ मध्ये, आणि खरी कीर्ती त्यानंतर. पहिली कविता छापणाऱ्या संपादकाला कवी मोठा झालेला पाहायला मिळेलच असे नाही. आणि मिळाला, तर तो सुखाचा अनुभव असेलच असेही नाही. मार्क बोलन अज्ञात असताना पील ह्यांनी त्यांना पोटतिडकीने वाजवले, त्यांच्या १९६८ च्या तबकडीत एक बालकथाही वाचली. पुढे टी. रेक्सच्या यशाच्या दिवसांत पील ह्यांनी एका गाजत्या गाण्याबद्दल नापसंती दाखवली आणि ती मैत्री संपली.

सर्वांत अवघड संबंध श्रोत्यांशी होता. १९७६ पासून पील वर्षअखेरीस श्रोत्यांकडून आवडत्या पन्नास गाण्यांची यादी मागवीत. तिला 'फेस्टिव्ह फिफ्टी' म्हणत. वर्षभर जगभरचे संगीत ऐकवावे आणि डिसेंबरात कौल यावा तो गिटार वाजवणाऱ्या गोऱ्या तरुणांच्या त्याच त्या चमूंना, असे पुन्हा पुन्हा घडले. रेगे वाजवल्याबद्दल शिव्यांची पत्रेही येत. पील यादीवर वैतागत, १९९१ ची तर त्यांनी त्या वेळी प्रसारितच केली नाही; परंतु श्रोत्यांच्या आवडीकडे पाहून त्यांनी आपला अनुक्रम बदलला नाही. आज गाण्यांची निवड संगणकावर होते आणि तिचा आधार आपण आधी काय ऐकले हाच असतो. म्हणजे फेस्टिव्ह फिफ्टीच बारा महिने चालू आहे.

ह्यावरून त्यांना संत ठरवण्याची घाई मात्र कोणी करू नये. १९६५ साली टेक्सासमध्ये त्यांनी लग्न केले तेव्हा वधू पंधरा वर्षांची होती. तिचे वय आपल्यापासून लपवले गेले, असे ते पुढे सांगत. अमेरिकेतल्या त्या दिवसांतल्या कोवळ्या वयाच्या मुलींविषयी मुलाखतींत त्यांनी ज्या हलक्या सुरात बोलून ठेवले आहे, ते आज वाचवत नाही. मृत्यूनंतर ह्याची उघड चर्चा झाली, ती होणे आवश्यकच होते. अज्ञाताला दार उघडणारा माणूस आणि हा माणूस एकच होता.

२५ ऑक्टोबर २००४ रोजी पेरूमधल्या कुझको येथे, सुटीवर असताना, हृदयविकाराने त्यांचा मृत्यू झाला. सफक परगण्यातल्या त्यांच्या घरी हजारो तबकड्या आणि त्यांची टंकलिखित नोंदपत्रे उरली. त्यांतच एक लाकडी पेटी होती. तिच्यात सुमारे दीडशे छोट्या तबकड्या बाजूला काढून ठेवल्या होत्या. त्या पेटीवर २००५ मध्ये ब्रिटनमध्ये एक अनुबोधपटही निघाला. नावाजलेले आणि कोणाला ठाऊक नसलेले असे दोन्ही तिच्यात शेजारी शेजारी आहेत. कोणती तबकडी का ठेवली, ह्याची चिठ्ठी त्यांनी आत ठेवलेली नाही.