अस्थिमज्जा-रोपण आणि मुखपाक : खानदेशच्या संदर्भात
'तोंड येणे' हा लोकव्यवहारात क्षुल्लक मानला जाणारा विकार होय. आयुर्वेदात त्यास 'मुखपाक' अशी संज्ञा आहे. अस्थिमज्जा-रोपणाच्या इतिहासात मात्र तो प्राणघातकही ठरू शकला आहे. भारतातील पहिले यशस्वी रोपण २० मार्च १९८३ रोजी मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी यांच्या पथकाने केले. रोपणापूर्वीच्या तीव्र औषधांनी वा किरणोपचाराने रोगट मज्जेबरोबरच मुखाच्या अस्तरातील झपाट्याने विभागणाऱ्या पेशीही नष्ट होतात. सुमारे आठवड्याभरात व्रण उमटतात. त्या वेळी श्वेतपेशी अत्यल्प असल्यामुळे मुखातील जंतू रक्तात शिरण्याचा धोका असतो. नवी मज्जा रुजू लागली की व्रण भरून येतात.

ही यातना दीर्घकाळ अटळ समजली गेली. पुढे असे आढळून आले की, मेल्फलान हे औषध देताना तोंडात बर्फ धरल्यास तेथील रक्तवाहिन्या आकुंचन पावतात व औषध कमी पोहोचते. २००४ मध्ये अमेरिकेत मान्यता पावलेले पॅलिफर्मिन हे औषध महागडे. बर्फ जवळजवळ फुकट.

जळगावहून मुंबई लोहमार्गाने सुमारे ४२० किलोमीटर दूर आहे. रोपण महानगरात होत असले, तरी किडलेल्या दातांवर व सुजलेल्या हिरड्यांवर प्रस्थानापूर्वी जळगाव-धुळ्यातच उपचार होऊ शकतात. हिरव्या मिरचीचे भरीत व झणझणीत शेवभाजी यांना सरावलेल्या घरास मऊ, सौम्य अन्नाची आवश्यकताही आधीच समजावून देता येते. तात्पर्य, रोपणाच्या यशापयशाचा काही अंश रुग्ण गाव सोडण्यापूर्वीच ठरत असतो.