एलियाहू हन्नबीचा मलिदा

भिवापूरचे नाव दूरवर पोचले ते मिरचीमुळे. परंतु उमरेड-पवनीच्या या पट्ट्यात घरोघरच्या ढोल्या भरतात त्या धानाने, आणि नवे धान घरात आले म्हणजे त्याचा पहिला घास देवाला व पूर्वजांना अर्पण केल्यावाचून तोंडात घालू नये, ही भावना येथे कुणब्याच्या घरी जशी आढळते तशीच गोंडाच्या घरीही आढळते. मलिदाही इकडे अपरिचित नाही. गिरडच्या टेकडीवरील शेख फरीदबाबांचा दर्गा येथून फार दूर नाही, आणि दर्ग्यांवर चढणारा मलिदा, म्हणजे कुस्करलेल्या पोळीत तूप व गूळ चोळून केलेला प्रसाद, हिंदू-मुसलमान दोघांच्याही ओळखीचा आहे. मात्र याच नावाचा, पण पोळीऐवजी पोह्यांचा आणि तुपाऐवजी ओल्या नारळाचा एक मलिदा कोकणात पिढ्यान् पिढ्या होत आला आहे, त्याच्यासमोर हिब्रू भाषेतील आशीर्वचने म्हटली जातात, आणि तो करणारे लोक घरात मराठी बोलणारे यहुदी आहेत, हे आपल्याकडील पुष्कळांना ठाऊक नसते. त्या मलिद्याची ही कुळकथा आहे.

या यहुद्यांच्या, म्हणजे बेने इस्राएल समाजाच्या, परंपरेनुसार त्यांच्या पूर्वजांचे गलबत अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यापाशी फुटले, सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या, आणि बुडालेल्यांना तेथेच मूठमाती देण्यात आली. वाचलेल्यांची संतती कुलाबा जिल्ह्यातील, म्हणजे आजच्या रायगडातील, गावोगाव पसरली, तेलाचे घाणे चालवू लागली आणि शनिवारी घाणा बंद ठेवते म्हणून ‘शनिवार तेली’ या नावाने ओळखली जाऊ लागली. धर्मग्रंथ हाती नाहीत, हिब्रू विसरलेली, अशा अवस्थेत या लोकांनी जे थोडे जपले त्यात शब्बाथचा विसावा होता, सुंता होती, खाण्यापिण्याचे निर्बंध होते, ‘शेमा’ ही एकमेव प्रार्थना होती, आणि अग्निरथातून सदेह स्वर्गी गेलेल्या एलियाहू हन्नबी या प्रेषितावरील अढळ श्रद्धा होती. पुढे डेव्हिड राहाबी नावाच्या पुरुषाने या तुटपुंज्या अवशेषांवरून त्यांचे यहुदीपण ओळखले व त्यांच्यातील काहींना धर्मशिक्षण देऊन काजी नेमले, असे समाज मानतो.

मलिदा होतो तो मुख्यतः नवस फळला म्हणजे. आजारातून माणूस उठले, मूल झाले, घर बांधले, लग्न ठरले, परदेशी गेलेला मुलगा सुखरूप परतला, की एलियाहू हन्नबीच्या नावाने मलिदा करावयाचा. पोहे धुऊन निथळत ठेवतात, ते मऊ व्हावेत पण त्यांचा लगदा होऊ नये याकडे घरातील वडीलधाऱ्या बाईचे बारीक लक्ष असते. मग त्यांत खवलेला नारळ, साखर, वेलदोडा व सुका मेवा मिसळून मोठ्या ताटात त्यांची रास करतात, आणि वर फळे मांडून गुलाबाची फुले व सब्जाची हिरवी डहाळी ठेवतात. डोकी झाकलेले पुरुष ताटाभोवती बसतात, एलियाहूचे स्तोत्र एका सुरात गातात, आणि त्यानंतर एकेका जिनसाचा आशीर्वाद वेगळा म्हटला जातो. खजुराचा आशीर्वाद झाडाच्या फळाचा; केळे मात्र, त्याला खरे खोड नसल्यामुळे, भूमीच्या फळांत गणले जाते व त्याचे आभार निराळ्या शब्दांत मानले जातात; पोह्यांचा आशीर्वाद धान्यापासून केलेल्या खाद्याचा, आणि सब्जा हुंगावयाचा तो सुगंधी वनस्पती निर्माण करणाऱ्याचे स्मरण करून. सर्वांचे आभार एकदाच सरसकट मानून मोकळे न होता प्रत्येक वस्तूपाशी थांबावयाचे, ही या विधीतील शिस्त मला अतिशय मोलाची वाटते.

हा विधी आला कोठून, याविषयी मतभेद आहेत. समाजाचे इतिहासकार हाईम सॅम्युएल केहिमकर यांचा ग्रंथ 1897 साली लिहून झाला व 1937 साली तेल अवीव येथे प्रसिद्ध झाला. त्यांनी मलिद्याचा संबंध यरुशलेमच्या मंदिरातील प्राचीन अन्नार्पणांशी जोडला, आणि लेवीय ग्रंथात उपकारस्तुतीच्या बळीसोबत पोळ्या अर्पण करण्याची आज्ञा आहे हे ध्यानात घेता त्यांचे म्हणणे निराधार म्हणता येणार नाही. दुसऱ्या पक्षी, नाव फारसी वळणाचे, रीत दर्ग्यावरची, आणि इस्लामी परंपरेत इल्यास व ख्वाजा खिज्र यांची जोडी प्रसिद्ध, यावरून आधुनिक अभ्यासक शेजाऱ्यांकडे बोट दाखवतात. माझे मत असे की, उपकार फेडण्याची ओढ त्यांनी समुद्रापलीकडून आणली असेल, नाव व ताट शेजाऱ्यांकडून घेतले, परंतु आतले द्रव्य कोकणच्या शेतातले व वाडीतले आहे. तूप का गळाले याचे कारणही मला त्यांच्या धर्मशास्त्रात दिसते: मलिद्यानंतर सामिष भोजन असावयाचे आणि मांसासोबत दूधदुभते वर्ज्य, तेव्हा स्निग्धतेचे काम नारळावर येणे क्रमप्राप्तच होते.

या समाजाचे जुने पंचांग पाहिले म्हणजे कोकणच्या मातीशी असलेले हे नाते अधिक स्पष्ट होते. वर्षारंभाला ते ‘नव्याचा सण’ म्हणत. त्यानंतर लगेच येणाऱ्या ‘खिरीच्या सणाला’ नव्या धान्याची खीर नारळाच्या रसात शिजवीत व धूप जाळून शेमा म्हणत. दारे लावून घेऊन उपवास करण्याचा दिवस तो ‘दारफळणीचा सण’. आणि मंदिराच्या विध्वंसाचा शोकदिवस तो ‘बिरड्याचा सण’, कारण त्या दिवशी मोड आणून सोललेल्या वालांचे बिरडे जेवणात असे. माघाच्या आसपास, शेवात महिन्याच्या पौर्णिमेच्या दिवशी, इतर यहुदी वृक्षांचे नववर्ष पाळतात. बेने इस्राएलांच्या लेखी तोच ‘एलियाहू हन्नबीचा उरूस’. अलिबाग तालुक्यातील मौजे खंडाळा येथे एका खडकावर काही खुणा आहेत. एलियाहू तेथे प्रकटला व तेथूनच स्वर्गी गेला, त्याच्या रथाच्या व घोड्यांच्या त्या खुणा होत, अशी श्रद्धा असून तेथे जाऊन मलिदा करण्याचा प्रघात आहे. भात झोडून झालेले, आकाश निरभ्र, वाटा कोरड्या, असा तो हंगाम असतो. मंडळी एकत्र निघण्यास याहून सोयीचा काळ कोकणात नाही.

कृतज्ञतेचा हा संस्कार ताटापुरता राहिला नाही. कंपनी सरकारच्या फौजेतील सॅम्युएल एझेकिएल दिवेकर हे टिपू सुलतानाच्या कैदेत पडले असता, सुटका झाल्यास प्रार्थनामंदिर बांधीन असा नवस त्यांनी केला होता, असे सांगतात. मुंबईतील ‘शाअर हारहमीम’, अर्थात दयेचे द्वार, हे 1796 सालचे पहिले सिनेगॉग त्या नवसाचे फळ होय. लोक त्याला ‘जुनी मशीद’ म्हणत. त्या सिनेगॉगचा कारभार मुकादम, चौगुला, गबाई, हझ्झान अशा पदाधिकाऱ्यांकडे असे, आणि या यादीत मराठमोळी व हिब्रू नावे किती निःसंकोचपणे शेजारी बसली आहेत ते पाहावे.

1948 नंतर समाजातील बहुसंख्य कुटुंबे इस्राएलला गेली. मलिदा त्यांच्यासोबत गेला. लोद, डिमोना, बीरशेबा येथील घरांतून तो होतो, आणि खंडाळा दूर राहिल्यामुळे हैफा येथे कार्मेल पर्वतावर असलेली एलियाहूची गुहा ही त्यांची नवी यात्रा झाली. तरीही तिकडून पाहुणे म्हणून आलेली मंडळी अलिबागची वाट धरतात, नवगावच्या स्मशानभूमीवर जातात, आणि राहिलेला नवस खंडाळ्याच्या खडकापाशी पोहे-नारळाचे ताट मांडून फेडतात.