भविष्यनिर्वाह निधीच्या खासगी न्यासांवर पहारा कोणाचा?

वेतनातून दरमहा कापली जाणारी भविष्यनिर्वाह निधीची रक्कम सरकारी संघटनेकडेच जमा होते, असा बहुसंख्य नोकरदारांचा समज असतो. तो सर्वत्र खरा नाही. 1952 च्या कायद्यातील कलम 17 ने आस्थापनांना सूट घेऊन स्वतःच्या न्यासामार्फत हा निधी सांभाळण्याची मुभा दिली. (निवृत्तिवेतनाचा हिस्सा मात्र संघटनेकडेच जातो.) सुटीच्या अटी कागदावर कडक आहेत. विश्वस्त मंडळात मालक व कर्मचारी यांचे समसमान प्रतिनिधी हवेत, संघटनेपेक्षा कमी व्याज चालत नाही, लेखापरीक्षण दरवर्षी व्हावे लागते आणि तूट आल्यास ती मालकाने भरून द्यायची असते.

या व्यवस्थेची कसोटी 2018 मध्ये लागली. मुंबईस्थित ‘आयएल अँड एफएस’ समूहाच्या रोख्यांना सर्वोच्च ‘ट्रिपल ए’ पतमानांकन होते. त्या भरवशावर अनेक न्यासांनी त्यांत कामगारांचा पैसा गुंतविला. समूहाने देणी थकविली तेव्हा मानांकन काही आठवड्यांत तळाला गेले आणि न्यासांना न्यायाधिकरणाचे दार ठोठवावे लागले.

तूट मालकाने भरायची हे ठीक. पण मालकच डबघाईला आला तर? खरा पहारा म्हणूनच विश्वस्त मंडळातील कर्मचारी प्रतिनिधींचा. रोखे, मुदती, मानांकन यांचे प्रशिक्षण नसलेला प्रतिनिधी ठरावाखाली सही करण्यापलीकडे फारसे काही करू शकत नाही. त्यातच अशा न्यासांच्या सभासदांना संघटनेच्या संकेतस्थळावर आपले पासबुक दिसत नाही. शिल्लक किती आणि पैसा कोठे गुंतविला आहे, हे त्यांना न्यासालाच विचारावे लागते.