खोली न मिळालेल्यांची वसतिगृहे

उमापूर हे बीड जिल्ह्यातल्या गेवराई तालुक्याचे, शेवगावच्या बाजूचे गाव. तिथली मुलं-मुली आज बारावी झाली की गेवराई, बीड, छत्रपती संभाजीनगर किंवा थेट पुणे गाठतात. कॉलेजात प्रवेश मिळतो, पण वसतिगृहाच्या यादीत नाव लागत नाही. लागलेच तर दोघांच्या खोलीत चौघे, नळाला एक दिवसाआड पाणी आणि खिडकीची काच फुटलेली, असा मामला असतो. पहिल्या आठवड्यात घरी फोन जातो, ‘इथं काय खरं नाही.’ या तक्रारीला महाराष्ट्रात सव्वाशे वर्षांचा इतिहास आहे, आणि इथली पुष्कळ वसतिगृहे अशाच नाराजीतून उभी राहिली आहेत.

उमापूरच्या पोरांची जुनी अडचण तर खोलीच्याही आधीची. १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता. शेजारचा शेवगाव तालुका इंग्रजी अमलात आणि गेवराई हैदराबाद संस्थानात, म्हणजे चार कोसांवर राज्य बदलायचे. औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, १९२३ पासून इंटरपर्यंतचे कॉलेज होते. पदवी हवी असेल तर हैदराबाद, तीही बहुतेकदा उस्मानिया विद्यापीठाच्या उर्दू माध्यमातून. मुलाने ट्रंक आणि वळकटी घ्यायची, जालना गाठायचे आणि तिथून रेल्वेने हैदराबाद. एवढी यातायात करून मिळालेली वसतिगृहातली जागा कोणी सहजासहजी सोडत नसे.

तरी ती सोडली गेली. नोव्हेंबर १९३८ मध्ये उस्मानियाच्या वसतिगृहांतल्या हिंदू विद्यार्थ्यांनी प्रार्थनेच्या खोलीत ‘वंदे मातरम्’ म्हणायला सुरुवात केली. विद्यापीठाने बंदी घातली, मुले मागे हटेनात. औरंगाबादच्या कॉलेजातही हेच लोण होते. शेकडो विद्यार्थ्यांना वसतिगृहांतून आणि पाठोपाठ विद्यापीठातूनच काढून टाकण्यात आले. शिक्षण अर्धवट, घर लांब आणि संस्थानात दुसरे विद्यापीठ नाही. अशा वेळी नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू टी. जे. केदार यांनी या मुलांना आपल्याकडे घेतले. त्या विद्यार्थ्यांत पुढे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह रावही होते. या आंदोलनाची आठवण गाण्यासाठी काढली जाते, आणि ते योग्यच आहे. पण ते घडले वसतिगृहात, हे विसरू नये. वेगवेगळ्या जिल्ह्यांतली मुले रात्री एका छपराखाली नसती, तर ही एकजूट इतक्या लवकर झाली नसती.

वसतिगृहांचे माहेर मात्र कोल्हापूर. तिथे १८९६ साली राजाराम वसतिगृह निघाले. कागदोपत्री ते सर्व जातींसाठी होते. प्रत्यक्षात कारभार ब्राह्मणांच्या हाती राहिला आणि राहणारी मुलेही जवळजवळ सगळी ब्राह्मणच. खेड्यातून आलेल्या मराठा, जैन, लिंगायत, मुसलमान मुलांनी जायचे कुठे? शाहू महाराजांनी यावर काढलेला मार्ग आज काहींना खटकेल. एक सर्वांसाठीचे चालत नाही ना, मग ज्याचे त्याचे काढू. १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झाले, त्याच साली दिगंबर जैन बोर्डिंग. १९०६ मध्ये मुस्लिम बोर्डिंग, १९०८ मध्ये अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क होस्टेल, आणि पुढे यादी वाढतच गेली. जातवार वसतिगृहांनी जाती पक्क्या केल्या, असा आक्षेप आहे आणि त्यात तथ्य नाही असे नाही. पण त्या काळी पर्याय जातवार खोली की सामायिक खोली असा नव्हता. खोली की गावी परत, असा होता.

त्या जातवार भिंतींना पहिली धडक दिली ती आतल्याच एका मुलाने. कुंभोजचा भाऊराव पाटील जैन बोर्डिंगात राहत होता. मिस क्लार्क होस्टेलच्या समारंभाला तो गेला. परत आल्यावर त्याला आंघोळ करून शुद्ध हो आणि मगच आत ये, असे बजावण्यात आले. त्याने ऐकले नाही. त्याचे चरित्रकार सांगतात की यापायी त्याला बोर्डिंग सोडावे लागले आणि शाहू महाराजांच्या आश्रयाला जावे लागले. खोली गेली, हट्ट राहिला.

पुढे याच भाऊरावांनी १९१९ साली कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू केले. तिथे सगळ्या जातींची मुले एकत्र राहत, एकत्र स्वयंपाक करत आणि एका पंगतीत जेवत. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे ‘छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस’ असे नामकरण झाले. धान्य संपले तेव्हा लक्ष्मीबाई पाटलांनी अंगावरचे दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रही. त्या काळच्या वसतिगृहाचा जमाखर्च कसा जुळवला जाई, हे एवढ्यावरून कळते.

पुण्यात कथा निराळी. तिथे गरीब मुलगा माधुकरी मागे किंवा वार लावून जेवे, सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. झोपायला कुणाची पडवी, नाहीतर देऊळ. १९०९ मध्ये अनाथ विद्यार्थी गृह आणि १९५५ मध्ये डॉ. अच्युतराव आपट्यांची विद्यार्थी साहाय्यक समिती निघाली ती ही वणवण थांबावी म्हणून. मराठवाड्यातल्या अनेक मुलांना पुण्यात पहिला आधार या समितीचाच मिळाला.

मनाजोगी खोली न मिळण्याची सर्वांत ठसठशीत गोष्ट मात्र न्यूयॉर्कची आहे. १९१३ च्या जुलैत भीमराव आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात पोहोचले. त्यांना हार्टले हॉल या वसतिगृहात जागा मिळाली. तिथले जेवण मानवेना. आठवडाभरात त्यांनी मुक्काम कॉस्मोपॉलिटन क्लबमध्ये हलवला आणि नंतर लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये खोली घेतली. तिथे नवल भाठेना या पारशी विद्यार्थ्याची सोबत मिळाली, ती जन्मभर टिकली. १९२० मध्ये अपुरे शिक्षण पुरे करायला आंबेडकर लंडनला निघाले तेव्हा याच भाठेनांनी त्यांना पैसे उसने दिले. पहिली खोली आवडली असती तर हा मित्र भेटला असता का, कोण जाणे.

हेच आंबेडकर १९१७ मध्ये बडोद्याला नोकरीवर रुजू झाले तेव्हा गावात राहायला जागा मिळेना. एका पारशी धर्मशाळेत ते राहिले. जात कळल्यावर काठ्या घेतलेला जमाव दारात आला आणि त्यांना बाहेर पडावे लागले. म्हणून १९५० मध्ये त्यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादला मिलिंद महाविद्यालय सुरू केले, तेव्हा वर्गांइतकेच महत्त्व वसतिगृहांना मिळाले यात नवल नाही. १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते इमारतीची कोनशिला बसली. परिसराचे नाव नागसेनवन. बीड, परभणी, नांदेड, उस्मानाबादच्या खेड्यांतली मुले पत्र्याची पेटी घेऊन इथे उतरू लागली. त्यांतल्या बहुतेकांच्या घरात तोवर कुणी कॉलेज पाहिलेले नव्हते. मराठवाड्यातल्या दलित साहित्याची आणि चळवळीची मोठी फळी याच आवारातून निघाली, ‘अस्मितादर्श’ या नियतकालिकाचे संपादक गंगाधर पानतावणे इथेच शिकवत होते. १९५८ मध्ये औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठ झाले, १९६० मध्ये बीडला बलभीम महाविद्यालय. हैदराबादची वाट बंद झाली.

मग नवी पद्धत पडली. गावाकडून एसटीने डबा येऊ लागला. आई पहाटे भाकरी थापते, कोरड्यास, ठेचा किंवा शेंगदाण्याची चटणी भरते, फडक्याची गाठ मारते, मुलाच्या नावाची चिठ्ठी अडकवते आणि डबा पहिल्या गाडीत देते. मुलगा स्थानकावर जाऊन तो उतरवून घेतो आणि आदल्या दिवशीचा रिकामा डबा परतीच्या गाडीत ठेवतो. मेस परवडत नाही किंवा घशाखाली उतरत नाही, यावर मराठवाड्याने काढलेला हा तोडगा. खोलीवरही असेच तोडगे निघाले. यादीत नाव नसलेला मुलगा गाववाल्याच्या खोलीत ‘पॅरासाइट’ म्हणून राहतो, दोन कॉट जोडून तिघे झोपतात, रेक्टरची फेरी आली की एकजण गच्चीवर जातो. नियमात हे बसत नाही. पण अशा किती पॅरासाइटांनी स्पर्धा परीक्षा काढल्या, ते कोणत्याच रेक्टरच्या वहीत सापडणार नाही.

बीड जिल्ह्यात आणखी एक प्रकार आहे. दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीला कोयते, म्हणजे नवरा-बायकोच्या जोड्या, निघतात आणि मुले मागे राहतात. त्यांच्यासाठी जिल्हा परिषद शाळांत हंगामी वसतिगृहे चालतात. अनेक ठिकाणी ती नावापुरती वसतिगृहे असतात. सकाळ-संध्याकाळ जेवण शाळेत, झोपायला मात्र आजीकडे. २०२१ मध्ये सरकारने ऊसतोड कामगारांच्या मुला-मुलींसाठी संत भगवानबाबा वसतिगृह योजना जाहीर केली. ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहे, प्रत्येकाची क्षमता १०० अशी ती आखणी.

कॉलेजच्या मुलांबाबत तर सरकारने हात टेकल्याची लेखी कबुलीच दिली आहे. २०१६-१७ पासून डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना सुरू झाली ती शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी. मुंबई-पुण्यासारख्या शहरांत वर्षाला ६०,००० रुपये मिळतात, त्यात जेवणाचे ३२,०००, राहण्याचे २०,००० आणि निर्वाहाचे ८,०००. म्हणजे खोलीला महिना दोन हजारांच्या आतच. एवढ्यात पुण्यात कॉट मिळते का, ते पेठांतल्या घरमालकांना विचारून पाहावे. आदिवासी मुलांसाठी स्वयम्, अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता, या योजनाही त्याच सुमाराच्या. पैसे मिळतात हे चांगलेच. पण शाहू महाराजांनी किंवा भाऊरावांनी मुलांच्या हातावर भाड्याचे पैसे ठेवून विषय मिटवला नव्हता, त्यांनी भिंती बांधल्या होत्या. भत्ता म्हणजे वसतिगृह नव्हे.

पुरेशी वसतिगृहे उभी राहीपर्यंत उमापूरसारख्या गावांतल्या पालकांनी एवढे करावे. वसतिगृहाच्या यादीत नाव नाही म्हणून मुलीचा प्रवेश रद्द करू नये. कॉलेजच्या कार्यालयात या योजनांचा अर्ज मागावा, जिल्ह्याच्या समाजकल्याण कार्यालयात चौकशी करावी, आणि उत्पन्नाचा, जातीचा व रहिवासाचा दाखला निकाल लागायच्या आधीच काढून ठेवावा.