डंजनपासून 'प्लस थ्री'पर्यंत

ऑनलाइन रोल-प्लेइंग गेममधला मोठा राक्षस एकट्याने मरत नाही. माणसं जमवावी लागतात, आणि तीही अनोळखी. कुठे जायचं, किती जण हवेत, काम किती अवघड आहे, हे सगळं चॅटच्या एका ओळीत सांगावं लागतं. या खेळांतल्या सामूहिक मोहिमांची नावं त्या ओळीने घडवली. कंपन्यांनी छान छान नावं छापली. खेळाडूंनी ती तोडली, तासली, काही बाजूलाही सारली.

या नावांच्या वंशातलं सगळ्यात जुनं नाव डंजन, म्हणजे तळघर. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' १९७४ साली आला आणि तळघरात टोळीने उतरायची रीत टेबलाभोवती रुजली. १९७८ साली इंग्लंडमधल्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ यांनी अनेकांना एकाच वेळी खेळता येईल असा मजकुराचा खेळ लिहायला घेतला, रिचर्ड बार्टल यांनी तो पुढे नेला. त्याचं नाव 'मड', म्हणजे मल्टि-यूजर डंजन. यातलं डंजन मात्र टेबलावरच्या खेळातून थेट आलेलं नाही. एमआयटीतल्या 'झॉर्क' या खेळाची फोरट्रान या प्रोग्रामिंग भाषेतली एक आवृत्ती होती. फाइलच्या नावाला सहाच अक्षरांची मुभा असल्याने डंजनच्या इंग्रजी स्पेलिंगमधला 'ओ' तिथे गळाला होता. तो खेळ ट्रबशॉ यांच्या डोळ्यांसमोर होता, असं बार्टल सांगतात. नाव छाटायची सवय या घराण्यात अशी पहिल्या पिढीपासूनची आहे.

१९९९ साली 'एव्हरक्वेस्ट' आला. त्यात गट सहा जणांचा. सगळ्यांचं जग एकच, त्यामुळे लोअर गुकसारख्या डंजनमध्ये शिरल्यावर कोणती जागा कोणाकडे आहे ते आधी विचारावं लागे. अशा जागेला 'कॅम्प' म्हणत आणि 'कॅम्प चेक' ही आरोळी रोजची होती. कॅम्पची नावं नकाशावर नव्हती, तिथे उगवणाऱ्या राक्षसावरून ती पडली. फ्रेन्झीड घूल जिथे येई ती जागा 'फ्रेन्झी', बस्स. नागाफेन आणि व्हॉक्स हे दोन ड्रॅगन मात्र सहा जणांना आटोपत नसत. त्यासाठी अनेक गट एकत्र येत, त्याला 'रेड' म्हणू लागले. सुरुवातीला या मोठ्या जमावासाठी खेळात कसलीच सोय नव्हती. खेळाडू आपल्या शिस्तीवर तो चालवत. लुटीच्या वाटपासाठी त्यांनी ड्रॅगन किल पॉइंट्स, अर्थात 'डीकेपी', ही गुणांची पद्धत काढली. पुढे ज्या खेळांत ड्रॅगनचा पत्ताही नव्हता तिथेही डीकेपीच मोजले गेले. मला हा काळ फार मोलाचा वाटतो, कारण तेव्हा नाव, नियम आणि हिशेब या तिन्ही गोष्टी खेळणाऱ्यांच्या हातात होत्या.

एकाच ड्रॅगनवरून होणारी भांडणं टाळायला तोडगा निघाला तो प्रत्येक गटाला जागेची वेगळी प्रत देण्याचा. २००१ साली 'अनार्की ऑनलाइन'ने तो मोठ्या प्रमाणावर वापरला, आणि 'इन्स्टन्स' हा प्रोग्रामरांच्या टेबलावरचा शब्द खेळाडूंच्या तोंडी बसला.

नोव्हेंबर २००४ मध्ये 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' सुरू झाला. डंजन पाच जणांचं, मोल्टन कोअरसारखी रेड चाळीस जणांची. इथे नावांची खरी घुसळण झाली. डेडमाइन्स या सुरुवातीच्या डंजनला लोक 'डीएम' म्हणत. मार्च २००५ मध्ये डायर मॉल नावाचं वरच्या पातळीचं डंजन आलं. त्याचीही आद्याक्षरं डीएमच. आता 'डीएमसाठी हीलर हवा' या ओळीला कोण धावून येईल याचा नेम राहिला नाही. अनेक खेळाडूंनी वाट काढली: डेडमाइन्सचा सरदार एडविन व्हॅनक्लीफ, त्याच्यावरून त्या जागेला 'व्हीसी' म्हणायचं. कंपनीने सांगितलं नव्हतं, कुठे मतदान झालं नव्हतं. २०१९ साली 'क्लासिक' रूपात जुना खेळ परत आला, तेव्हा डायर मॉल अजून उघडायचं होतं, तरी डीएम म्हणावं की व्हीसी यावर लोक हिरिरीने भांडले.

२००६ च्या सुरुवातीला याच खेळात आन्किराज या जागी दोन रेड उघडल्या, एक अवशेषांची आणि एक मंदिराची. कंपनीच्या नावांत तेच शब्द होते. खेळाडूंनी त्यांना 'एक्यू २०' आणि 'एक्यू ४०' केलं. जागेची ओळख दोन अक्षरांपुरती उरली आणि माणसांचा आकडा नावात शिरला. बोलावणाऱ्याला तोच तर हवा होता.

आकड्यानंतर विशेषणं आली. २००७ पासून डंजनना 'हीरोइक' हा अवघड प्रकार मिळाला, पुढे रेडनाही. मग २०१४ मध्ये कंपनीने रेडच्या अवघडपणाच्या पायऱ्यांची नावंच सरकवली: 'फ्लेक्स' नावाची पायरी होती ती नॉर्मल, नॉर्मल होतं ते हीरोइक, हीरोइक होतं ते 'मिथिक'. आदल्या वर्षी हीरोइक जिंकलेल्याची कमाई नव्या माणसाला एक पायरी खालची वाटू लागली. हे मला अन्यायाचं वाटतं. पराक्रमाचं नाव मागाहून बदलू नये.

इतर खेळांनी आपापली पाटी लावली. 'स्टार वॉर्स: द ओल्ड रिपब्लिक'मध्ये चौघांचं 'फ्लॅशपॉइंट' आणि आठ किंवा सोळांचं 'ऑपरेशन', 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज ऑनलाइन'मध्ये गटाला पार्टीऐवजी 'फेलोशिप'. 'फायनल फँटसी १४'मधल्या अलेक्झांडर रेडच्या चौथ्या भागाचा सॅव्हेज हा अवघड प्रकार खेळाडूंनी 'ए-फोर-एस' एवढ्यात बसवला.

'एल्डर स्क्रोल्स ऑनलाइन'मध्ये रेडला 'ट्रायल' म्हणतात, माणसं बारा. क्लाउडरेस्ट या २०१८ च्या ट्रायलमध्ये मुख्य लढाईआधी तीन छोटे सरदार मारता येतात किंवा मुद्दाम जिवंत सोडता येतात. जितके सोडाल तितकी शेवटची लढाई भारी. सगळ्यात अवघड प्रकाराचं बोलावणं 'व्हीसीआर प्लस थ्री' असं येतं: व्हेटरन, क्लाउडरेस्ट, तिघेही जिवंत. ज्याला कळतं त्याला यात सगळं कळतं. नवख्याला मात्र जागेचं नावसुद्धा सापडत नाही, आणि विचारलं तर बहुधा उत्तर मिळत नाही. तुम्ही हे खेळ खेळत असाल तर एवढं करा: चॅटमध्ये कोणी अशा नावाचा अर्थ विचारला की पूर्ण नाव लिहून सांगा, आणि गटात जागा असेल तर त्याला घ्या.