गावच्या शाळेला सरकारकडून किती पैसे येतात? खर्च कोण ठरवतं? पालकांसाठी सविस्तर माहिती

कोल्हापूर : राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. पोराला शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड होता. आज गरिबाच्या पोरांसाठी जिल्हा परिषदेच्या शाळा आहेत. तरी शाळेला वर्षाला पैसे किती येतात आणि ते कुणाच्या सहीनं खर्च होतात, हे बऱ्याच पालकांना ठाऊक नसतं.

संयुक्त शाळा अनुदान

'समग्र शिक्षा' ही योजना २०१८ पासून सुरू आहे. महाराष्ट्रात तिचा ६० टक्के खर्च केंद्र आणि ४० टक्के राज्य उचलतं. तिच्यातून सरकारी आणि जिल्हा परिषदेच्या शाळांना वार्षिक अनुदान मिळतं. पटानुसार कमाल रक्कम अशी :

- ३० पर्यंत विद्यार्थी : १० हजार रुपये
- ३१ ते १०० : २५ हजार
- १०१ ते २५० : ५० हजार
- २५१ ते १००० : ७५ हजार
- १००० च्या वर : १ लाख

लाईट बिल, खडू, रजिस्टर, किरकोळ दुरुस्ती, पिण्याचं पाणी हे सगळं यातच भागवायचं. किमान १० टक्के रक्कम स्वच्छतेवर खर्च करावी लागते. शिक्षकांचा पगार यात येत नाही, तो वेगळा असतो.

वाडीवरच्या शाळेची अडचण

शाहूवाडी, गगनबावडा, राधानगरी, भुदरगड, आजरा, चंदगड या डोंगरी भागात वाड्यावस्त्यांवरच्या शाळांचा पट कमी असतो. १० हजार रुपये म्हणजे महिन्याला साधारण ८३३ रुपये. पोरं १२ असोत की ३०, बिल यायचं ते येतंच आणि पावसाळ्यात छप्पर गळायचं ते गळतंच. उलट पट ३० वरून ३१ झाला की मर्यादा एकदम १५ हजारांनी वाढते. म्हणजे एका पोराच्या नावालाही किंमत आहे.

पट घसरला की शाळेवरच गदा येऊ शकते. २० किंवा त्याहून कमी पटाच्या शाळा एकत्र करून 'समूह शाळा' करण्याचा विचार २०२३ साली शिक्षण खात्यानं पुढं आणला होता. शिक्षण हक्क कायद्याच्या नियमानुसार पहिली ते पाचवीची शाळा १ किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची ३ किलोमीटरच्या आत हवी. तेवढ्या अंतरात शाळा नसेल तर पात्र मुलांना प्रवासासाठी मदतीची सोय समग्र शिक्षेत आहे. त्यासाठी मुख्याध्यापक किंवा पंचायत समितीच्या गटशिक्षणाधिकाऱ्यांकडं मागणी करावी.

पोराच्या नावानं काय मिळतं?

- गणवेश : समग्र शिक्षेत वर्षाला एका मुलामागं ६०० रुपयांपर्यंत तरतूद आहे.
- पाठ्यपुस्तकं : आठवीपर्यंत मोफत.
- पोषण आहार : पहिली ते पाचवीला रोज १०० ग्रॅम आणि सहावी ते आठवीला १५० ग्रॅम धान्य. डाळ, तेल, भाजी, इंधनासाठी १ मे २०२५ पासून केंद्रानं ठरवलेला दर रोजचा ६ रुपये ७८ पैसे आणि १० रुपये १७ पैसे आहे.
- खासगी शाळेत २५ टक्के मोफत प्रवेश : वंचित घटकातील, तसंच वर्षाला १ लाखापर्यंत उत्पन्न असलेल्या घरातील मुलांसाठी. ही फी सरकार शाळेला परत देतं.

खर्च ठरवते पालकांची समिती

शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात आणि निम्म्या महिला. अध्यक्ष पालकांतूनच निवडतात, मुख्याध्यापक सचिव असतात. अनुदान कशावर खर्चायचं, याचा ठराव हीच समिती करते. पण बऱ्याच गावांत बैठकीच्या रजिस्टरवर घरी येऊन सही नेली जाते. मग पैसे कशावर गेले हे समितीतल्या बाईलाही सांगता येत नाही. सही करण्याआधी ठराव वाचून घेणं हा प्रत्येक सदस्याचा हक्क आहे.

पालकांनी काय करावं?

१. मुलाचं नाव, जन्मतारीख आधार कार्डावर आणि शाळेच्या रजिस्टरवर एकसारखी आहे का बघा. शिक्षकांची पदं ठरवताना आधार जुळलेला पट धरला जातो. ३० सप्टेंबरच्या आत दुरुस्ती करून घ्या.

२. खोटी नावं घालून पट फुगवू देऊ नका. २०११ साली राज्यभर पटपडताळणी झाली, तेव्हा असा बोगस पट उघड झाला होता.

३. यंदा किती अनुदान आलं, किती खर्चलं, किती शिल्लक आहे, हे समितीच्या बैठकीत विचारा. आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपतं, त्यामुळं हा प्रश्न दिवाळीच्या आसपासच विचारलेला बरा.

४. उत्तर मिळालं नाही तर १० रुपये शुल्क भरून माहिती अधिकारात अर्ज करता येतो. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला शुल्क नाही. ३० दिवसांत माहिती द्यावी लागते.